क्रमांक बारा: तणमोर

३ जुलै
आज संस्थेत रुजू झाले. गंगापूर रोडवर दुसऱ्या मजल्यावरची लख्ख, पुस्तकांनी भरलेली खोली आणि खिडकीपाशी माझे टेबल. खाली मोकळ्या प्लॉटवर गुडघाभर गवत. निफाडहून आणलेले आईचे लाडू प्रमुख संध्याताईंपुढे ठेवण्याचे धाडस मला झाले नाही. शेवटी त्यांनीच डबा उघडून एक उचलला. संकटग्रस्त प्राण्यांवरील संशोधनाचे बारा प्रस्ताव आले आहेत. निधी फक्त चारांना मिळेल. गुण देऊन क्रम लावण्याचे काम माझ्याकडे.

५ जुलै
एक प्रस्ताव आखीव कागदावर, हाताने लिहिलेला. नांदगावकडचे गेणूबाबा चाळीस पावसाळे माळावर बसून तणमोर मोजत आहेत. हा पक्षी गवतातून उडी घेतो, तेवढाच क्षण दिसतो. यंदा एकच नर उरला आहे. माझे गुडघे गेले, मोजायला दुसरे माणूस नेमा, इतकीच मागणी. एकट्या नराची वीण वाढणार कशी? ‘यशाची शक्यता’ या रकान्यात मी शून्य लिहिले. क्रमांक बारा. तर्कात चूक नव्हती.

८ जुलै
यादी मंजूर झाली. नकार मीच फोनवर कळवला. गेणूबाबा रागावले नाहीत. म्हणाले, ताई, तो दिसायसाठीच उडतो. बघणारं कुणी नाय राहिलं तर शोधत येतो. आता तुम्हीच बघा.
दुपारी प्लॉटवरच्या गवतातून काहीतरी काळे वर आले आणि पडले.

११ जुलै
तुरे असलेली काळी मान. बेडकासारखा कोरडा आवाज. पाहत राहिले की जागच्या जागी उडतो. नजर वळवली की पुढची उडी अधिक जवळ. संध्याताईंना दाखवले, त्यांना नुसते गवत दिसले. डोळे तपासून घे, म्हणाल्या, किती वाचतेस.

१४ जुलै
क्रम बदलण्याची विनंती केली. यादी पुढे गेली आहे, आता काही होणार नाही, संध्याताई म्हणाल्या. नांदगावला फोन लावला. गेणूबाबांच्या सुनेने, छायाने, उचलला. बाबा माळावर जात नाहीत. लय निवांत झोपतात, म्हणाली. म्हणत्यात, माझ्या जागी दुसरं कुणीतरी बसलंय.

१६ जुलै
दुसरा मजला. तरी खिडकीच्या चौकटीत — वर. खाली. वर. त्याचे डोळे माझ्यावर. जेवायला उठले नाही. उठवत नाही —

१७ जुलै
खिडकी लावली. पडदा ओढला. तीच चूक. न पाहणे हीच —
आवाज आता खोलीत आहे.
टेबलाच्या कडेपलीकडे काळी मान वर येते. उडी दोनशे अकरा. दोनशे बारा. पाहताना लिहिता येत नाही, आणि लिहिताना माझी मान खाली