डिस्क टाकलीय की

२१ ऑक्टो. ९९, गुरु.
सकाळी नेरूळची लाइट गेली, आली, आणि माझा कॉम्प्युटर मेला. सुरूच होत नाही. जासईच्या शाळेची स्मरणिका आत अडकलीय, सगळी पानं. मी शिकले तीच शाळा. शेवटच्या पानावर 'अक्षरजुळणी : वैशाली' येणार होतं. दिवाळीआधी छापायला द्यायचीय. मशीन जोडून देणाऱ्या असेंबलवाल्याला फोन केला. म्हणे, "मॅडम, तुमी कायतरी दाबलं असेल." हो, करमत नव्हतं ना मला.

२२, शुक्र.
मशीनबरोबर त्याने दिलेली इन्स्टॉलेशनची सीडी घातली, म्हटलं सिस्टिम परत चढवली की पानं हाती येतील. स्क्रीनवर एकच धोशा : डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क. अगं बाई, टाकलीय की. सेटअपमध्ये जाऊन आधी सीडी, मग हार्ड डिस्क असा क्रम लावला. तरी तेच. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "विकून टाकूया का?" मी परत सीडी घातली. बोलले असते तर...

२३, शनि.
असेंबलवाला उगवला एकदाचा. चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली. "सीडी खराब हाय. हार्ड डिस्क नेतो, फॉरमॅट मारून देतो."
माझी पानं?
"ती जानार मॅडम."
दार दाखवलं. डोकं नुसतं भणभणतंय.

२४, रवि.
रागारागाने सीडी ओढून काढली, हातातून सुटून उलटी पडली. चकचकीत बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक. वाळलेलं, अर्धं खरवडलेलं. दसऱ्याची पूजा! सासूबाईंना इतकं बोलले की ह्यांनीही पेपर खाली ठेवला.
"चकचकीत तीच पुढची बाजू ना गं?" एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुझं नाव छापून यायचंय, म्हणून मांडली."
दरवर्षी पाटावर ह्यांचे पाने-पक्कड, आईंची विळी. माझं कधी काही नसतं. यंदा होतं. मी घाईत नमस्कार करून उठले, बघितलंच नाही. आता हा राग घेऊन जाऊ कुठे?

त्याच दिवशी, संध्या.
सीडी धुतली, मऊ फडक्याने पुसली. ओरखडे आहेत. ड्राइव्हच्या आतही लाल दिसतंय. घातली. घरघर चालू आहे. आई शेजारी येऊन बसल्यात, स्क्रीनकडे बघतायत.
"लागेल का गं?"
"माहीत नाही, आई."
अजून ती 'बूट फेल्युअर'ची ओळ उमटलेली नाही.