शिवप्पांची चौथी वही

निलंगा,
४ ऑक्टोबर १९८२

प्रिय मन्मथ,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आपला जिल्हा आता लातूर झाला, हे नांदेडला कळलंच असेल. नव्या कचेरीतला एक कारकून परवा दारात उभा. म्हणाला, जुने कागद गोळा करतोय, तुमच्या पणजोबांच्या रेल्वे सर्व्हेच्या वह्या दाखवा. मला त्याचं हसणंच आवडलं नाही. ओसरीवर बसवला, चहा दिला, पेटीला हात लावू दिला नाही.

शिवप्पा पणजोबांनी नांदेडपासून इथवर साखळी ओढत रान मोजलं, वाटेतली विहीर न् विहीर टिपली. रेल्वे काही आली नाही, चार वह्या तेवढ्या राहिल्या. खंडेनवमीला साखळीशेजारी ठेवून हळदकुंकू वाहायचं, की पुन्हा कापडात. अप्पांनी कधी कुणाला, आपल्या पोटच्या पोरांनासुद्धा, उघडू दिल्या नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात नवं कापड बांधताना एक गठ्ठा मला हलका लागला. सोडून पाहिलं, तर चौथ्या वहीच्या जागी जुनं पंचांग! त्याच महिन्यात तुला रेल्वेत नोकरी लागली. कुणा साहेबाला वही देऊन तू चिकटलास, असं मी धरूनच चालले. तुला विचारलं नाही, अप्पांना सांगितलं नाही, फक्त पेटीची किल्ली कमरेला लावली. अप्पांच्या मातीला आलास तेव्हाही माझा डोळा तुझ्या पिशवीवर होता. ते तू पाहिलंस, आणि पुन्हा आला नाहीस.

काल वरच्या वाडीचा दगडोबा आला आणि शालीत गुंडाळलेली वही माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, हा त्या कारकुनाचाच माणूस. तर म्हणाला, “अक्का, बहात्तर साली आमी चिखलाचं पानी गाळून पेत होतो. मन्मथअण्णानं ही वही आनली, बुजलेल्या हिरीची जागा दावली. आमी ती उकरली, अजून आटली न्हाई. अप्पाला कळलं तर घरात घेनार न्हाईत, म्हनून अण्णानं शपथ घातली व्हती. मग पेटीची किल्ली तुमी कमरेला लावली, वही माझ्यापाशीच ऱ्हायली. आता सरकारी मानूस कागद बघाया लागला, अण्णावर आळ नको.”

वही तूच नेली होतीस, एवढं माझं बरोबर निघालं. बाकी सगळं चुकलं रे, फार चुकलं. त्या वहीची पानं चिखलाच्या बोटांनी मळली आहेत. आपल्या तिन्ही कोऱ्या करकरीत.

खंडेनवमीला ये. किल्ली मी खुंटीला अडकवली आहे. कारकुनाला अजून नाहीच म्हणते, त्याचा भरवसा नाही. वह्यांतली मोडी लिपी तुलाच वाचता येते, तेव्हा चारही वह्या तूच ने. येताना पिशवी मोठी आण.

तुझीच,
नीलम्माअक्का