कॅबिनेटमागची डबी

शिरूर, ३ मार्च २००३

ति. दादास,
करुणाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आबांची तब्येत बरी आहे. फोनवर तू ओरडतोस आणि मग मीही ओरडते, म्हणून लिहिते आहे.

काल तू कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट बसवलंस आणि जुनं दौंडला घेऊन गेलास. तुझी एसटी सुटली नसेल तोवर इथे स्क्रीन निळी झाली. तू लिहून ठेवलं होतंस तशी विंडोज पुन्हा टाकली. ती चालते. पण मराठीचं सॉफ्टवेअर उघडलं की एक चौकट येते, तिच्यात नुसता कसलासा नंबर, आणि सगळं बंद! मराठीच नाही तर मी लग्नपत्रिका जुळवू कशात?

एक विचारायचं होतं. जुन्या कॅबिनेटच्या मागे प्रिंटरची वायर एका छोट्या डबीत खोचलेली असायची. डबीवर सूर्याचं चित्र होतं, मराठीच्या सीडीवर आहे तसंच. ती आता दिसत नाही. ती लागते का?

लवकर कळव. निमोण्याच्या हौसरावांनी त्यांच्या राजनंदिनीची पत्रिका माझ्याकडे दिली आहे. त्या घरचं काम आपल्या वस्तीत पहिल्यांदाच आलंय. हे बिघडलं तर पुन्हा तिकडचं कोणी माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही.

वहिनीला जयभीम. माया आहे तशीच असू दे.
तुझी करुणा

दौंड, ७ मार्च

चि. करुणास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तेजश्रीने नेहमीप्रमाणे माझ्याआधी वाचलं.

आतला बोर्ड बदलला की जुनी विंडोज त्याला ओळखत नाही, म्हणून ती नव्याने टाकायची असते. तू घाई केली असणार. लहानपणापासून तुझा पाय एका जागी ठरत नाही. आता नीट कर. सी ड्राइव्ह फॉरमॅट कर, विंडोज टाक, मग बोर्डाबरोबर आलेली सीडी, आणि सगळ्यात शेवटी मराठी. क्रम चुकवू नकोस. त्या डबीचं डोक्यातून काढून टाक. ती जुन्या कॅबिनेटची होती, नव्याला तसलं काही लागत नाही. रेल्वेच्या ऑफिसात इतकी वर्षं कॉम्प्युटरपुढे बसतोय, एवढं तर मला कळतं.

आबांना जयभीम. रागावू नकोस, आणि पत्र लिहीत जा.
तुझा दादा, महेंद्र

शिरूर, १३ मार्च

ति. दादास,
जयभीम. विंडोज आणखी तीनदा टाकली. तीच चौकट, तोच नंबर.

टाकताना स्क्रीनवर सरकणारी ती पट्टी बघून बघून डोळे दुखायला लागलेत. आबा शेजारी बसून होते. शेवटी म्हणाले की येवढी सेवा म्हशीची केली असती तर तिनं दूध तरी दिलं असतं. एरवी मी हसले असते. आज रडायला आलं.

दादा, मी घाई केली नव्हती. तुझ्या पत्रावर बोट ठेवून, तुझ्याच क्रमाने केलं. काय होतंय ते तू विचारतच नाहीस, मी काय चुकले असेन ते सांगत बसतोस. सत्यजीत, हौसरावांचा मुलगा, दोनदा प्रूफ मागून गेला. लाइट नव्हती असं खोटं सांगितलं. रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय.

माया ठेव, पण आधी डबी शोध.
करुणा

दौंड, १७ मार्च

प्रिय करुणाताईंस,
तेजश्रीचा सप्रेम जयभीम. तुमचे दादा लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र आज आलं. ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पलंगाखालचं जुनं कॅबिनेट ओढून बाहेर काढलं. डबी मागे तशीच, स्क्रूने आवळलेली. सूर्यही आहे. मग हे स्टेशनपाशी जाऊन सॉफ्टवेअर विकणाऱ्याला फोन करून आले. तो म्हणाला की ही डबी म्हणजेच त्या सॉफ्टवेअरचं कुलूप. ती लावल्याशिवाय मराठी उघडणार नाही, विंडोज शंभर वेळा टाका. आल्यापासून हे डबी हातात घेऊन बसलेत. चहा पुढ्यात गार झाला.

शेजारच्या रतनबाई उद्या शिरूरला निघाल्यात. त्यांच्याकडे डबी आणि हे पत्र देते. आमच्यावरचा राग माझ्या वाट्याचा तरी कमी करा.
तुमची वहिनी

शिरूर, १९ मार्च

ति. दादास,
जयभीम. डबी लावली आणि मराठी लगेच उघडलं.

पण सत्यजीत सोमवारी सकाळीच मजकूर परत घेऊन गेला. पत्रिका आता पुण्यात छापणार आहेत. बोलला चांगलं. एवढंच म्हणाला की आमच्या आप्पांना घरच्यांनी आधीच सांगितलं हुतं, तिकडं देऊ नका, त्यांना न्हाई जमायचं. तिकडं म्हणजे कुठं, ते तुला सांगायला नको. आता त्यांचं बोलणं खरं ठरलं, आणि माझं काहीच चुकलं नव्हतं!

नवं कॅबिनेट तू किती हौसेनं आणलंस ते मी विसरले नाही. तरी राग जात नाही. तू बरोबर होतीस, एवढं एकदा लिही. कार्डावर मावेल.
करुणा

दौंड, २४ मार्च

चि. करुणास,
आशीर्वाद. काल निमोण्याला जाऊन आलो. हौसराव आप्पा अंगणात होते. त्यांनी खुर्ची दिली. मी सांगितलं की डबी माझ्या पलंगाखाली होती, बहिणीनं वेळेत विचारलं होतं, मीच तिचं ऐकलं नाही. ते म्हणाले की बाबा, पत्रिका तर छापायला गेल्या, आता काम न्हाई. मी म्हणालो की काम मागायला आलोच नाही, चूक कोणाची होती तेवढं घरात सगळ्यांना सांगा.  मग आप्पा म्हणाले, व्हय, सांगतो.

तू बरोबर होतीस.
महेंद्र