सर्वसाधारणाला कळवलंस, मला नाही

बऱ्हाणपूर, शनिवार

प्रिय निरंजन,

खर्रर्र... दसऱ्याआधी माय फळीवरून पत्र्याचे डबे ओढायची, तो आवाज आठवतो का तुला? दात शिवशिवायचे, तरी आपण दोघे भाऊ खेळ टाकून स्वयंपाकघरात धावायचो. डब्यांखाली वर्षभर दबलेले पेपर निघायचे, तेलकट, हळदीनं पिवळे. मायला वाचता येत नव्हतं, पण तिचा कायदा कडक होता: मथळा वाचून दाखवल्याशिवाय एकही कागद चुलीत जायचा नाही. आपण वाचायचो आणि ती डबा पुसतापुसता विचारायची, "मंग? पुढं काय झालं?" पुढचं कुठं छापलेलं असायचं! ते तू रचायचास. मी आपला शाळेतल्या कवितांच्या चालीवर मथळे म्हणणारा, हसवणारा तूच.

'तोतया डॉक्टरला अटक' हा मथळा निघाला तेव्हा तू सात-आठ वर्षांचा असशील. पुढं काय झालं? तर म्हणे, डॉक्टरच खोटा निघाल्यामुळे त्याच्या औषधानं बरे झालेल्या सगळ्या पेशंटांनी ताबडतोब पुन्हा आजारी पडावं, असा सरकारी हुकूम निघाला! माय हसून हसून डब्याला टेकली. 'केळीचा ट्रक उलटला' म्हटल्यावर तू शेजारच्या अख्ख्या बहादरपूर गावाला आठ दिवस शिकरण खायला घातलंस. 'पोस्टात पाणी शिरलं' म्हटल्यावर पत्रं एकमेकांना चिकटली आणि लग्नाचं वऱ्हाड बाराव्याच्या जेवणाला जाऊन बसलं. आणि मंत्री येणार म्हणून नगरपालिकेनं रस्त्याकडेला जे जे उभं दिसलं त्याला चुना फासला, त्यात विडी ओढत उभे असलेले आपले मामाही आले, म्हणून त्यांचे केस पांढरे! हे मामांना तोंडावर सांगायची हिंमत तुझ्यातच होती.

आता हे वाचून दादाला जुनं आठवतंय, दादा पाघळलाय असं समजू नकोस. मी संतापलो आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर संतापतो आहे.

गुरुवारी सकाळी तुळशीला पाणी घालताना नेहमीसारखी चौथीतली कविता म्हणत होतो. दुसऱ्या कडव्यापाशी शेजारचा गिरधर पेपर घेऊन आला. चेहरा दुःखी, डोळे मात्र मजेत. "मास्तर, ये अपने निरंजनभाऊ ही हैं ना?" मी चष्मा लावला. एका बाजूला कुणाची तरी हरवलेली मार्कशीट, दुसऱ्या बाजूला मूळव्याधीवर रामबाण इलाज, आणि मधल्या चौकटीत आपली सायली. 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि मेरी पुत्री सायली मेरे कहने में नहीं है, अतः उसे समस्त संबंधों से बेदखल करता हूँ.' कविता तिथंच राहिली. अजून पुढचं कडवं आठवत नाही.

कशासाठी रे? तिनं लग्नासाठी निवडलेला मुलगा आपल्या जातीचा नाही, एवढ्यासाठी? स्वप्निल बहादरपूरला केळी लावतो, वेळेवर घरी येतो, वडीलधाऱ्यांना ऐकू येत नसेल तर न चिडता दुसऱ्यांदा सांगतो. माझ्याशी बोलताना त्यानं तिसऱ्यांदाही सांगितलं. आणि तू मधल्या माणसाकरवी मला काय निरोप धाडलास? "दादाला सांगा, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. समाजाची तोंडं बंद करायला वकिलानं सुचवलं." समाजाची तोंडं छापून बंद होतात होय? गिरधरचं तर गुरुवारपासून मिटलेलंच नाही!

नेपानगरच्या कागद गिरणीत आयुष्य काढलंस तू. कागदावर डाग दिसला तर जेवण गोड लागायचं नाही तुला. आणि त्याच कागदावर स्वतःच्या लेकीचं नाव असं घातलंस?

आता मी विचारतो. मंग? पुढं काय झालं? सर्वसाधारणाला सूचना मिळाली, फार बरं झालं. सायली तुझ्या कह्यात आहे की नाही, या काळजीनं चांदनी स्टेशनावर गाड्या खोळंबल्या होत्या, त्या सुटल्या. दूधवाल्यानं चौकात सभा घेतली. बँकेत सायलीच्या खिडकीपाशी लोक आता पैसे भरण्याआधी विचारतात, "बाई, तुम्ही कुणाच्या कह्यात?" हस ना! तुझाच खेळ आहे. नाही येत हसू? मलाही नाही आलं. कारण हा पेपर काही जळून जाणार नाही, निरंजन. कुठल्या तरी अनोळखी घरात तो डब्याखाली जाईल. वर्षानं निघेल. तिथलं एखादं हुशार पोर ती चौकट मोठ्यानं वाचेल आणि त्याची माय विचारेल, मंग? त्याला आपली सायली ठाऊक नाही. तापानं फणफणली असताना ती तुझं बोट सोडत नव्हती, हे त्याला ठाऊक नाही. ते आपलं हशा पिकेल असं काहीतरी रचेल, आणि ते घर हसेल. त्या मामांना निदान मिशा होत्या रे, ओशाळं हसू लपवायला. आपल्या पोरीनं कुठं लपावं?

तिनं मात्र तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. काल संध्याकाळी आली आणि म्हणाली, "मोठे पप्पा, पुढच्या शुक्रवारी कन्यादानाला तुम्ही आणि मोठी मम्मी बसाल ना?" तुझी अमृतावहिनी लगेच हो म्हणाली. मी चहा ठेवतो म्हणून उठलो. घरात दूध नव्हतं हे मला माहीत होतं, तरी पातेलं घेऊन उभा राहिलो. मी अजून तिला हो म्हटलेलं नाही. म्हणून हे पत्र. मला तुझ्या पाटावर बसायचं नाही, निरंजन. तो रागही आहेच, की तू मला तिथं बसायला लावतो आहेस. शुक्रवारी सकाळपर्यंत तो पाट मी रिकामा ठेवीन. आला नाहीस तर बसेन, ताठ बसेन, आणि मग कुठल्याच पेपरात दुरुस्ती छापून तो तुला परत मिळणार नाही.

थांब, कडी वाजते आहे. गिरधर असेल, पत्र न्यायला.

गिरधर नाही. दारात तुझी बायको, मनीषा उभी आहे. पॅसेंजरनं आली, एकटी. जिला तू नेपानगरच्या बाजारातही कधी एकटीला जाऊ दिलं नाहीस. घामेजली आहे, हातात पिशवी आहे. आत न येताच विचारते आहे, "भाऊजी, सायलीच्या लग्नाची हळद कुठं दळायला टाकलीत?" आणि तुला सांगायला सांगितलंय, दोन दिवसांची भाजी फ्रिजमध्ये आहे, त्यापुढचं तुझं तू बघ.

अजून तरी तुझाच,
दादा