मेस बंद पाडायची मीटिंग

रविवार, संध्याकाळ

जिंकले! आज संध्याकाळी मेसला सुट्टी, म्हणून लगेच लिहून टाकते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक पुन्हा उभे राहिले. माझी मेस बंद करा म्हणे, जिन्यात मुलींची वर्दळ वाढलीय. मग नेहमीचं भाषण. "सरकार मुलींची फी भरतं, खाजगी कॉलेजं फी वाढवतात, पैसा जातो संस्थाचालकांच्या घशात. सामान्य माणसाला काय मिळतं?"

फीचं तसं खोटं नाही. पण मी सामान्य माणूस नाही का? फी माफ झाली म्हणून तर कळवणकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली इथे शहरात शिकायला आल्या. आधी नुसत्या पोळ्या वाढायचे, तर अर्धं ताट परत यायचं. त्यांच्या घरच्यासारखी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी सुरू केली आणि गर्दी वाढली. थापायला दोन बायका ठेवल्या. हे सगळं बोलायचं होतं. उभी राहिले आणि तोंडातून एवढंच आलं, "नागलीची भाकरी मिळते, सर." सगळे हसले.

तेवढ्यात सरांच्या मिसेस बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अहो, आपल्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये भाड्याने कोण राहतंय? त्याच मुली ना? मेस बंद झाली तर टिकतील का त्या?"

सर खाली बसले. विषय तिथेच संपला.

जरा जास्तच खूश होतेय का मी? होऊ दे.

निघताना सर जिन्यात भेटले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, आमच्या पोरींना भाकरी जरा गरम देत जा. गार झाली की माझ्याकडे कुरकुरतात."