माझ्या नावापुढचा आकडा

अल ऐन,
रविवार, दुपार

प्रिय अस्मिता,

हे मुद्दाम कागदावर लिहितेय. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या की तिसरीच्या आधी तुझा बदाम येतो. तू चौथीपर्यंत मराठी शाळेत होतीस, त्यामुळे मराठी वाचतेस पण सावकाश वाचतेस, ते या पत्राला बरंच आहे. इथे तसं सगळं ठीक. ऊन वाढायला लागलंय, गच्चीतल्या कढीपत्त्याने मान टाकली, तुझ्या बाबांचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि उतरताना नाही. आणि गेले पाच आठवडे ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ दे, चावी कुठे, गॅसवाला आला. हेमाने घराचं मत फोडलं, असं त्यांनी तुला फोन करून सांगितल्याचं मला माहीत आहे. आता फोडणारीकडूनही ऐक.

'घराचं मत' हा शब्द तुझ्या बाबांचा. ओहायोत, कोलंबसला आपण अमेरिकेचे नागरिक झालो त्याच वर्षी तो निघाला. पहिल्या निवडणुकीआधी त्यांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता मांडला होता, आठवतंय? उमेदवार डावीकडे, विषय वर. आरोग्य विम्याला तीस गुण, विद्यापीठांच्या निधीला वीस, युद्धाबद्दल काय बोलला त्याला पंधरा. आपण जशी मुलांची स्थळं पाहतो तसं ते राष्ट्राध्यक्ष पाहायचे. त्यातही पक्षाचा उमेदवार ठरवणारी ती आधीची प्रायमरी त्यांना जास्त महत्त्वाची. "नोव्हेंबरात काय, दोनातला एक. खरी निवड आत्ताच असते, आणि लोक नेमके आत्ताच घरी बसतात," हे त्यांचं व्याख्यान तू शाळेच्या बसची वाट बघत शंभरदा ऐकलंयस. त्यांचं चूक नव्हतं. त्या चर्चच्या हॉलमध्ये मतदान होतं, तिथे दिवसभरात सत्तर माणसं आली तर पुष्कळ. फक्त निवड ते एकटे करायचे आणि माझ्या हातात चिठ्ठी यायची. ती पर्समध्ये घालून मी आत जायचे आणि चिठ्ठीत असेल तसं भरायचे. एकदा ती चिठ्ठी किराण्याच्या पावत्यांबरोबर फेकली गेली. आत उभी राहिले आणि एक नाव आठवेना. कागद कोरा टाकून बाहेर आले, वर गाडीत बसताना 'झालं सगळं' असं सांगितलं. हे आजवर कोणाला बोलले नव्हते. तुझ्या बाबांनाही या पत्राआधी सकाळीच सांगितलंय, म्हणजे आता मीठही मागत नाहीत.

बाबांच्या नोकरीसाठी इथे अमिरातीत आल्यावर चिठ्ठीही गेली. इथे मतपत्रिका मेलने येते, आणि माझ्या नावाची मेल उघडते बाबांच्या फोनवर. ते दोन्ही छापायचे, दोन्ही भरायचे आणि कागद माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "हेमा, इथे सही." मी करायचे. खरं सांगू, सात वर्षांत या देशात माझं मुख्य काम सही करणं हेच आहे. मी त्यांच्या व्हिसावर, त्यामुळे बँकेच्या कागदावर सही, आयडीच्या कागदावर सही, घरभाड्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही. वाचायचं कशाला, घरात प्रोफेसर असताना? यात तुझ्या बाबांचा दुष्टपणा नाही गं. ते मला त्रास वाचवत होते असंच त्यांना वाटतं, आणि मीही वाचलेला त्रास आनंदाने खाल्ला. आपला नवरा किती करतो म्हणून मैत्रिणींत मिरवलं सुद्धा.

यंदाच्या प्रायमरीत पाच उमेदवार. तक्ता भरला, बेरजा झाल्या, त्यातले एक गव्हर्नर पहिले आले. बाबांनी दोन्ही कागद भरले आणि म्हणाले, "हेमा, इथे सही." मी चष्मा लावला. सहीच्या वर बारीक अक्षरात एक प्रतिज्ञा असते. हे मत मी एकांतात नोंदवलं आहे, कोणालाही ते भरताना पाहू दिलेलं नाही आणि माझ्यावर कोणाचा प्रभाव पडलेला नाही. खाली सही, तारीख, आणि खोटं असेल तर शिक्षा. मी ते मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, "ते सगळ्यांना लिहिलेलं असतं." मी म्हटलं, मग सगळ्यांत मी आहेच. मी सही करणार नाही. त्यांनी मला नीट, शांतपणे समजावलं, वर्गात समजावतात तसं. दोघांनी दोन वेगळ्या माणसांना दिलं तर दोन्ही मतं एकमेकांना मारतात. त्यापेक्षा दोघं घरी बसलो असतो तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, मग तुम्ही बसा. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एवढं लहान वाक्य मी त्यांना कधी ऐकवलं नव्हतं.

मग मी त्यांच्याकडे माझ्या मेलचा पासवर्ड मागितला. तो त्यांची जन्मतारीख निघाला. दुसऱ्या दिवशी मी दुबईच्या बसमध्ये बसल्यावर आधी तो बदलला. घरी प्रिंटर असताना दुबईला का, असं ते दारात विचारत होते. घरचा प्रिंटर त्यांच्या टेबलावर आहे, म्हणून. आणि अल ऐनमध्ये लोकांचे अर्ज भरून, छापून देणाऱ्या कुठल्याही टायपिंग सेंटरमध्ये गेले असते तरी 'सरांच्या मॅडम आल्यात' असा फोन माझ्याआधी घरी पोचला असता.

दुबईत करामा भागात प्रभावती घ्यायला आली होती. तुला आठवत असेल, पुण्याच्या कॉलेजातली माझी मैत्रीण. सत्तावीस वर्षं तिथल्याच दोन खोल्यांत राहते. मी कशासाठी आलेय ते ऐकून ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "हेमे, मला इथे मत नाही आणि पुण्याच्या यादीतून नाव कधीच उडालं. भाऊ म्हणतो, विमानाने ये आणि बटण दाब. मतासाठी कोण जातंय? तू दे बाई. पण देतेसच तर नीट दे, वाचून दे." आणि मला चहा पाजून तिच्या इमारतीखालच्या टायपिंग सेंटरमध्ये घेऊन गेली.

तिथला संजय चिपळूणचा, केस पांढरे झालेला, अठरा वर्षं लोकांचे अर्ज भरतोय. त्याने कागद छापला, वरून खाली पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे व्हिजिटचं का रेसिडेन्सचं?" मी सांगितलं, मत आहे, अमेरिकेचं. तो म्हणाला, "अच्छा. पण हजबंड स्पॉन्सर आहेत ना? मग त्यांचं एनओसी लागेल. पासपोर्ट कॉपी आणि व्हिसा पेज." मी म्हटलं, याला नवऱ्याची परवानगी लागत नाही. "लागते मॅडम. अठरा वर्षं हेच करतोय. नंतर रिजेक्ट झालं की परत यल्ला, चला, पहिल्यापासून." प्रभावती तोंडावर पदर धरून हसत होती आणि मला मात्र एकाएकी रडूच यायला लागलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याने माझं आयुष्य बघून अंदाज बांधला आणि अंदाज बरोबर होता. मी त्याला प्रतिज्ञा वाचून दाखवली. त्याने ऐकली आणि पेन काढून म्हणाला, "बरं, मग नाव बोला, मी टिक करतो." तो कागदावर वाकला तेव्हा मी वर हात ठेवला. त्याला ते समजायला एक क्षण लागला. समजल्यावर मात्र उठला, स्वतःची खुर्ची मला दिली, ती भिंतीकडे वळवली आणि रांगेतल्या लोकांना हिंदीत ओरडून म्हणाला, "दो मिनिट रुको, मॅडम का प्रायव्हेट है."

दोन मिनिटं कसली, पाऊण तास लागला. पाचही जणांबद्दल मी आदल्या दिवशी बसून वाचलं होतं, तुझ्या बाबांचा तक्ता न बघता. वाचल्यावर कळलं की उडदामाजी काळेगोरे निवडायला आपल्याकडे काय तिकडे काय, सारखंच. तरी एकाचं एक वाक्य मला पटलं होतं, आणि दुसऱ्याचा एक खोटेपणा डोक्यातून जात नव्हता. त्या भिंतीकडे तोंड करून मी स्वतःशी भांडले. दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. मला भीती वाटली, अस्मिता. चुकीचं दिलं तर या वेळी चिठ्ठीवर ढकलता येणार नव्हतं. मग नावापुढचा गोल भरला, सही केली, आणि ही एक सही मी वाचून केली. पाकीट स्वतः चिकटवलं. कुरिअरचे दीडशे दिराम झाले तेव्हा प्रभावतीने तिथल्या तिथे साडेतीन हजार रुपये असा हिशेब करून कपाळाला हात लावला. मी मिठाई घेऊन बसमध्ये बसले आणि अल ऐनपर्यंत एकटीच हसत होते.

बाबांनी तुला फोन केला आणि पाठोपाठ तुझा निरोप आला. "आई, सो प्राउड ऑफ यू! वन मोर फॉर अवर साइड!" खाली बारा बदाम. नंतर कळलं, तू ज्याच्या प्रचाराचं काम करतेस त्याच्या ऑफिसात सगळ्यांना गोष्ट सांगितलीस की माझी बासष्ट वर्षांची आई आपल्या उमेदवाराला मत द्यायला वाळवंटातून दोन तास प्रवास करून गेली. वाळवंट कसलं, एसी बस होती, मला शाल घ्यावी लागली. पण ते सोड. आपल्या उमेदवाराला, हे तुला कोणी सांगितलं? मी तर अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांच्या गव्हर्नरना मी दिलं नसणार हे तू धरून चाललीस, आणि तिथून सरळ तुझ्या माणसापाशी पोचलीस. वाटेत आणखी तीन जण उभे होते.

आता तू विचारशील, इतकी वर्षं मुकाट सही करणाऱ्या बाईला त्याच सकाळी चष्मा लावायची बुद्धी कशी झाली. तर आदल्या दिवशी संध्याकाळी मला तुमच्या ऑफिसातून फोन आला होता. दुआ नावाची मुलगी, आवाज फार गोड. "मिसेस हेमा, तुमच्या पाठिंब्याबद्दल थँक यू, मतपत्रिका पाठवलीत का?" मी म्हटलं, कसला पाठिंबा? तिने यादी बघून समजावलं. प्रत्येक मतदाराच्या नावापुढे एक आकडा असतो. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधात, तीन म्हणजे अजून ठरलेलं नाही. तुम्ही 'एक' आहात. मी विचारलं, मला हे कोणी विचारलं होतं? बिचारी गोंधळली. म्हणाली, "अस्मितानेच भरलंय, सप्टेंबरमध्ये." सप्टेंबरमध्ये मला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं गं. मी फोन ठेवला. बाबांचं मला जुनं होतं, अंगवळणी पडलं होतं. तू मात्र माझ्या पोटची, मतदारांना काय वाटतं ते विचारून लिहिणं हे तुझं काम, आणि तूही विचारलं नव्हतंस. मला बाबांचा राग आला तो खरा तुझा होता. त्यांच्यावर निघाला, एवढंच.

काल तू पाठवलेला खोलीचा नकाशा पाहिला. बाबा जूनमध्ये निवृत्त झाले की आमचा इथला व्हिसा संपणार, म्हणून तुझ्या घराच्या तळमजल्यावर आमची खोली. भिंतींना फिकट पिवळा रंग, बाथरूममध्ये धरायला दांडी, खिडकीशी माझं देवघर. बाबांनी आणि तू फोनवर सगळं ठरवलंत, आणि खाली तू लिहिलंयस, "आईला आवडेलच." हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलं. तू रोज शंभर अनोळखी माणसांना फोन करतेस, आपलं मत काय असं अदबीने विचारतेस, आणि ते तोंडावर फोन आपटतात तरी पुन्हा लावतेस. मी ओहायोला येईन, नाहीतर पुण्यात राहीन, नाहीतर प्रभावतीच्या शेजारी दोन खोल्या बघीन. मलाच अजून माहीत नाही. मत कोणाला दिलं ते मी तुला मरेपर्यंत सांगणार नाही, पण कुठे राहायचं ते सांगेन, विचारलंस तर. मी नाहीही म्हणेन हे धरून विचार. तोवर रंगाऱ्याला थांबव, आणि माझ्या नावापुढे 'तीन' लिही.

कोणाच्याच यादीत नसलेली, तरी तुझीच,
आई