थेट उपांत्य फेरीत

२ मार्च, सोमवार
लीगमध्ये पहिला नंबर! नऊ कॉलेजं खाली, आम्ही वर. इतकी वर्षं नेब्रास्काच्या या कोपऱ्यात बास्केटबॉलची कोचगिरी केली, त्याचं चीज झालं. पूर्वी लीगच्या शेवटच्या स्पर्धेत सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून घाम गाळावा लागायचा. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये मी टेबल बडवून नियम बदलून घेतला. आता पहिला नंबर थेट उपांत्य फेरीत. दोन सामने जिंकले की देशभरातल्या अडुसष्ट संघांच्या मोठ्या स्पर्धेत. तोवर पोरांना पूर्ण विश्रांती. माझा असिस्टंट गस म्हणाला, पोरं गंजतील. गस जन्मजात रडका.

५ मार्च, गुरुवार
विश्रांती उत्तम चाललीय. ओटिस, आमचा कॅप्टन, कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हणाला, कोच, तासभर तरी खेळू द्या, हात शिवशिवतायत. नाही म्हटलं. भूक साठू दे.

७ मार्च, शनिवार
हरलो. नवव्या नंबरच्या संघाकडून. ते रोज एकेक सामना जिंकत तापून आले होते. आमचा बॉल बराच वेळ रिंगमध्ये जाईचना. रिंगमध्येच काहीतरी घोटाळा असणार. गसने मोजली. बरोबर निघाली. मोजपट्टी जुनी आहे.

८ मार्च, रविवार
धीर सोडायचं कारण नाही. लीगची शेवटची स्पर्धा जिंकणाऱ्यांना मोठ्या स्पर्धेत आपोआप जागा, उरलेल्या जागा निवड समिती वाटते. आमचं नाव काठावर आहे. फक्त इतर लीगमध्ये बलाढ्य संघच जिंकायला हवेत. एखादं चिल्लर कॉलेज जिंकलं की ते आत, आणि आमच्यासारखं एक बाहेर. जन्मभर श्रीमंत कॉलेजांच्या नावाने बोटं मोडली. आजपासून मी त्यांच्या बाजूने.

११ मार्च, बुधवार
मार्लीनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जुन्या कॉलेजने त्यांच्या लीगमधल्या दांडग्यांना लोळवलं. ती स्वयंपाकघरात डाव घेऊन नाचली. मी म्हटलं, अगं, तुझ्या कॉलेजने माझी जागा खाल्ली. म्हणाली, मग शनिवारी जिंकायचंस की, कोणी हात धरला होता? गॅरेजमध्ये जाऊन बसलो. फार थंडी होती.

१३ मार्च, शुक्रवार
दुसऱ्या स्पर्धेवाल्यांचा फोन. मोठीतून गळलेल्यांसाठीची ही. एके काळी हिलाच मोठा मान होता, आता उरल्यासुरल्यांची पंगत. म्हणाले, उद्यापर्यंत हो म्हणा, पहिली मॅच तुमच्याच जिममध्ये देतो. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. हो म्हटलं तर समितीला वाटायचं, यांनाच खात्री नाही. क्रीडाविभागाची प्रमुख कॉनी म्हणाली, पोरांना विचारलंस का? पोरांचा माझ्यावर विश्वास आहे. विचारायचं काय त्यात?

१५ मार्च, रविवार
जिममध्ये मोठा पडदा, राजम्याची चिली, दालचिनीचे रोल, अख्खं गाव. आमचा जल्लोष टिपायला टीव्हीवाल्यांचा कॅमेरा. नावं चार गटांत जाहीर होतात. तीन गट झाले. पोरांना सांगितलं, चांगलं नाव शेवटी ठेवतात. चौथ्या गटात मार्लीनचं कॉलेज निघालं. तिने एकटीनेच टाळ्या वाजवल्या, मग हात खाली घेतले. आमचं नाव नाहीच. कॅमेरावाला वायर गुंडाळायला लागला. लोक मयताला आल्यासारखे पाठीवर थोपटून गेले.

ओटिस म्हणाला, जाऊ द्या कोच, दुसरी स्पर्धा आहे ना, एखादी मॅच तरी मिळेल. गाडीत काहीतरी राहिलंय म्हणत मी बाहेर पडलो.

१६ मार्च, सोमवार
जिममध्ये गेलो, तर शेवटच्या वर्षाची चारही पोरं बूट बांधून प्रॅक्टिसला हजर. दुसऱ्या स्पर्धेला नाही म्हटल्याचं सांगावंच लागलं. समितीचा पक्षपात, तत्त्व, स्वाभिमान, सगळं नीट समजावलं. ओटिस म्हणाला, कोच, आम्हाला विचारलं असतंत तर आम्ही हो म्हटलं असतं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी दोघं-दोघं वाटून घेऊन मॅच लावली. मी शिट्टी काढली. ओटिस म्हणाला, राहू द्या कोच, आमचं आम्ही बघतो.

बाकावर बसलो. बॉल सटासट रिंगमध्ये पडत होता. बघवेना, उठवेना. ती दमेपर्यंत खेळली, हसली, एकमेकांच्या गळ्यात पडली आणि निघून गेली. मी मागे थांबलो. दिवे बंद करायला कोणीतरी लागतंच.